गाल उजवीकडे

प्रल्हाद जुनघरे मेढ्याहून आला
तेव्हा मी डब्याचं झाकण लावत होतो.
गोधडीत गुंडाळलेली, वर नायलॉनची दोरी,
घोड्याच्या कडीला अजून लटकणाऱ्या
पोलीस ठाण्याच्या तीन पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या.
दर निवडणुकीला जमा, निकालानंतर परत.
म्हणाला, “बाबा वारले पौषात.
लायसन माझ्या नावावर करायचं न्हाई मला.
तुम्ही फक्त आकडा सांगा.”

आकडा सांगायचा तर आधी उघडावी लागते.
बोल्ट काढला. रिकामी आहे, दोनदा बघितलं.
अब्बा तीनदा बघायचे.
नळी खिडकीकडे धरली:
अजिंक्यताऱ्याचा एक वाटोळा तुकडा
आणि त्याच्याभोवती वळत गेलेले पाच आटे,
तोंडाशी जरा झिजलेले, बाकी स्वच्छ.
कुणीतरी वर्षानुवर्षं न चुकता चिंधी फिरवलीय.

नळीवरचा नंबर आणि बोल्टवरचा नंबर
एकमेकांना ओळखत नाहीत.
साल त्रेचाळीस. फौजेनं मोडीत काढली,
मग कुणी नळी वीतभर कापली,
पुढचं लाकूड उतरवलं,
संगिनीची खोबण तासून सपाट केली
आणि शिकारीची म्हणून विकली.
एवढ्यानंच निम्मी किंमत जाते.

मग बट.
अक्रोडाचा नाही, शिसवाचा,
आणि गालाची उशी उजव्या अंगाला.
म्हणजे दस्ता डाव्या खांद्यात, डोळा डावा.
बोल्टची मूठ मात्र होती तिथंच, उजवीकडे;
दर गोळीला हात वरून पलीकडे न्यायचा.
हौसेनं कुणी असं करून घेत नाही.

“बाबा डावखुरे होते?”
“छे. जेवण, लिहिणं, सगळं उजव्यानं.
एसटीत ड्रायव्हर, बावीस वर्षं.
केळघरचा घाट झोपेत उतरवतील.
गाडीला एक ओरखडा न्हाई.”
मग, आठवलं म्हणून हसला:
“मला मात्र चालताना डाव्या हातालाच धरायचे.
उजवीकडं गेलो की लगेच हाक,
कुठं गेलास रं?”

उशीच्या कडेला कानशीचे बारीक वळ,
शेवटचा हात उलटा, खालून वर.
तो हात मी ओळखतो. त्या हाताखाली शिकलो,
त्याचा मारही खाल्ला.
वरच्या फळीवरून बहात्तरची वही काढली.
जुनघरे ज्ञानू. बट नवा. गाल उजवीकडे. रुपये पंचेचाळीस.
कारणाच्या रकान्यात अब्बा एरवी सगळं लिहायचे:
वाळवी लागली, बैलगाडीतून पडली,
दारूच्या भरात भावानं आपटली.
इथं एकच शब्द. मर्जी.

डोळा केव्हा गेला, कशानं,
की नुसताच मंद झाला,
ते लाकूड सांगत नाही.
केळघर उतरताना दरी कुठल्या हाताला येते
ते मी आठवत बसलो,
आणि लहानपणी त्या गाडीनं
मी मामूकडं किती वेळा गेलो.

“काय म्हणताय मग?”
“धड असती तर ऐंशी हजार कुठं गेले नसते.
नळी कापलेली, नंबर जुळत नाहीत, चाळीस.
बट बदललेला, तोही उलटा, अठरा.
तेही डावं गिऱ्हाईक भेटलं तर.”
“कुणी असला वाया घालवला हो?”
“असेल कुणी कारागीर,” मी म्हणालो,
आणि वही फळीवर सारली.

तो समोर चहाला गेला.
दुकानात कुणी नव्हतं.
भिंतीकडे तोंड करून
मी ती डाव्या खांद्याला लावली, उजवा डोळा मिटला.
माशी आपसूक खाचेत येऊन बसली.
गालाखाली लाकूड गुळगुळीत होतं,
आणि नेमकं तेवढंच खोल.

मग खाली ठेवली, तेलाचं फडकं फिरवलं
आणि पावतीवर
अठराचे अठराच लिहिले.