काटा-चिठ्ठी

चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर
टॅक्सीवाले थेट बॅगेलाच हात घालतात.
"जालना? अठराशे. एसी आहे, साहेब."
बॅगेवर जहाजाची पट्टी अजून चिकटलेली,
सात महिने परक्यांच्या चादरी बदलून
बोटांना क्लोरीनचा वास.
मी साहेब नाही, हे सांगत बसत नाही.
बॅग ओढत फाटकाबाहेर येतो,
रस्ता ओलांडतो.
पलीकडून जालन्याकडं काहीही जातं,
हात केला की थांबतं.

हे मला अण्णांनी शिकवलं.
अण्णांनी विमानतळ आतून पाहिलेला नाही.

काळी-पिवळीत अकरावा मी.
मांडीवर बॅग, बॅगेवर कुणाचं तरी पोर,
पोराच्या हातात अर्धा पेरू.
"सरका, अजून एक बसतो," ड्रायव्हर म्हणतो,
आणि खरंच बसतो.
शेंद्रा. करमाड.
बदनापूरला गाडी थांबते, चहा घेत नाही.
पुढं हिशेब द्यायचाय.

घरी तांब्या तोंडाला लावायच्या आत:
"किती लागले?"
"सत्तर."
"एसटीला हात केला असता
तर पंचावन्नात आला असता तू."

चौतीस वर्षं लोखंडाच्या मिलमध्ये,
वजनकाट्याच्या खिडकीत.
ट्रक भरलेला किती, रिकामा किती, निव्वळ किती.
निवृत्तीला मिलनं शाल दिली.
ह्यांनी वर मागून घेतले
रद्द चिठ्ठ्यांचे बारा गठ्ठे,
मागची बाजू कोरी म्हणून.

त्या कोऱ्या बाजूवर माझी सगळी बंदरं आहेत.
मी फोनवर सांगायचो, ते लिहायचे,
मधेच थांबवून विचारायचे,
"थांबा कोणत्या हाताला?"

पिरेयस. विमानतळाच्या दारातून थेट बस. रात्रीही असते.
बार्सिलोना. टॅक्सी करू नये. साधी बस, मग पुतळ्यापासून पायी.
शिवताविकी. रोमहून रेल्वे.
नाव असं का, विचारणे.

मागच्या गल्लीतला जब्बारचा मुलगा नोकरीवर निघाला
तेव्हा अण्णांनी त्याला ओट्यावर बसवून
रोम समजावलं.
आई आतून म्हणाली, ह्यांना मोंढ्याच्या पुढं
रिक्षा करायची माहीत नाही.

आज पक्कड शोधताना
पत्र्याच्या डब्यात तळाशी एक चिठ्ठी निघाली,
मी न सांगितलेली.

मुंबई. स्टेशन ते बंदर. बस, सहा रुपये.
चुकून एक थांबा आधी उतरलो.
फाटकावर मुंजाजीचं नाव सांगितलं.
बाहेरच्यांना आत नाही म्हणाले.
जहाज भिंतीवरून दिसतं.
आपल्या मिलच्या धुराड्याएवढं, पण आडवं.
सातव्या मजल्यावर एक जण कठड्याची काच पुसत होता.
तोच असेल असं नाही.
जाऊन येऊन चारशे बारा. भाकरी नेली होती.

तारीख त्याच दिवसाची.
अकरा तास जहाज मुंबईला होतं,
मी फोन केला होता,
येऊ नका, आत सोडत नाहीत.
"कशाला येतोय मी," म्हणाले होते.
मागं गाडीचा आवाज होता.
मला वाटलं, काट्यावरचा ट्रक.
निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झालेलं,
हे मला आत्ता सुचतंय.

चिठ्ठी उलटी केली.
भरलेले: छापलेलं. रिकामे: छापलेलं.
निव्वळच्या पुढं
कार्बन उमटलाच नाही.

अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसलेले.
पक्कड दिली.
मग सहज विचारल्यासारखं,
"अण्णा, मुंबईला स्टेशनवरून बंदराला
स्वस्तात कसं जावं?"

"मला काय माहीत."

तीन शेंगा फोडल्या. एक किडकी निघाली, टाकली.

"बसनं जावं," म्हणाले.
"आधीच्या थांब्यावर उतरू नये.
उगं चालावं लागतं."