तोट्याचा तास

उद्योजकता. बारावी कॉमर्स, शेवटचा तास.
वर पत्रा तापलेला, मागच्या गल्लीत मागांची खटखट,
आणि कोंगारी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही.
पिशवीतून नवाकोरा टॉवेल काढला
अन् भर वर्गात उसवत बसल्या.
"यातला फुकटचा धागा कुठला, दाखवा मला."

आम्ही हसलो. येडी झाली की काय बे ही बाई!

मग एके दिवशी माझ्या आईला बोलावलं,
स्वतःच्या खुर्चीत बसवलं.
"हजार विड्यांना किती तास लागतात, मावशी?"
मजुरी आईला तोंडपाठ होती.
वेळ तिला कुणी विचारलाच नव्हता.
ती बोटांकडे बघत राहिली,
मी बाकाखाली चप्पल शोधत राहिले.

जानेवारीत गड्ड्यावर अर्धा गाळा घेतला आम्ही पाच पोरींनी.
चादरीच्या कटपीसच्या पिशव्या.
लोक हात लावायचे, रंगाचं कौतुक करायचे,
पुढच्या पाळण्याकडे निघून जायचे.
सहाशे चाळीस रुपये बुडाले.
वही ओढणीत लपवून गेले मी बाईंकडे.

आणि त्यांचा चेहरा असा उजळला
जसा माझ्या नव्वद टक्क्यांनाही कधी उजळला नसता.
"सहाशे चाळीस! बस इथं. कुठे गेले ते शोधू."
शिपाई किल्ल्या वाजवत होता,
त्या पायरीवरच बसून होत्या.
दोनशे भाड्यात. नव्वद आमच्याच भज्यांत.
मग पिशवी खांद्याला लावून पाहिली,
अडकेना.
"बंद चार बोटं आखूड, गं. एवढंच."

त्यांच्या वडिलांचे आठ माग
भंगारात किलोवर गेले होते,
हे मला फार उशिरा कळलं.
तेव्हा कुणी पायरीवर बसलं नसणार.

आता अक्कलकोट रोडला माझी सहा मशिनं आहेत. शाळेचे गणवेश.
परवा दीडशे शर्ट परत आले, बाह्या उलट्या.
नवी पोरगी, रेणुका, भिंतीला चिकटून उभी,
वही ओढणीत नव्हती, एवढाच फरक.
माझ्या तोंडात शिवी आली होती,
खोटं कशाला बोलू.

ती गिळली. खाली बसले,
एक उसवणी तिच्या हातात दिली,
एक मी घेतली.
"ये. कुठे चुकलं ते शोधू."