समोरच

वाघबीळ नाक्यावर, मेट्रोच्या खांबाखाली
एकतीस तारीख साडेअकराला टेकते.
बॅरिकेड तीन : दोन सरळ, एक तिरकं.
येऊरकडून गार वारं,
आणि माझ्या हातात यंत्र.

फुंका, साहेब. जोरात. थांबू नका. अजून. अजून.
नळी नवी आहे, तुमच्यासमोर फोडली.

एरवी फुंकर म्हणजे
पोराच्या सोललेल्या गुडघ्यावर घालायची.
इथं अख्खा घोडबंदर रोड माझ्या तोंडावर फुंकतो,
बडीशेप, लवंग, पुदिन्याची गोळी,
आणि त्यांच्यामागे दडून बसलेलं ते,
पडद्याखालून पाय दिसणाऱ्या पोरासारखं.

एक म्हणतो, खोकल्याचं औषध आहे.
एक फोन पुढं करतो, बोला, साहेब आहेत लायनीवर.
माझे दोन्ही हात गुंतलेले असतात.
अशा वेळी ते नेहमीच गुंतलेले असतात.
एका गाडीत मागच्या सीटवर आजोबा,
साखरपुड्याचा फेटा अजून डोक्यावर,
म्हणतात, माझी पण घ्या की टेस्ट,
पंच्याहत्तर वर्षांत कुणी संशयच घेतला नाही.
घेतली. शून्य.
गाडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या, आजोबा जरा हिरमुसले.

जेवण पोचवणारा पोरगा आला,
हेल्मेट कोपरात अडकवलेलं, जणू डोकं तिथंच असतं.
घाल म्हटलं. घातलं. पट्टा तुटका.
माझ्या जाकिटाची नाडी ओढून काढली, हनुवटीखाली गाठ मारून दिली.
मॅडम, केक आहे, बाराच्या आत द्यायचाय.
केक थांबतो रे, म्हटलं.
बारा वाजले ते मला फटाक्यांवरून कळलं,
तेव्हा मी एका क्रेटावाल्याचा इन्शुरन्स बघत होते.

आणि मग तो शब्द येतो. येतोच.
मॅडम, घर समोरच आहे.

गेल्या वर्षी एकाला सोडला मी त्या शब्दावर.
यंत्र म्हणत होतं एकेचाळीस. तिसाच्या वर अकरा.
मागे बायको, मध्ये झोपलेली मुलगी,
तिच्या पायात लाइटचे बूट.
जा, हळू जा, म्हटलं.
स्कूटर वळेपर्यंत बूट लुकलुकत होते.
नाव नाही विचारलं. केस नाही, तर नाव कशाला?

सकाळी पेपरात, आतल्या पानावर चार ओळी.
दुभाजक, स्कूटर, एक नाव.
तो तोच होता का, मला कसं कळणार.
माझ्याकडे त्याचा फक्त श्वास होता.
त्या आठवड्यात छापून आलेलं प्रत्येक नाव मी वाचलं
आणि प्रत्येक नाव त्याला बसलं,
माप घेऊन शिवल्यासारखं.

म्हणून आता नाव आधी. पूर्ण. वडिलांचं, आडनाव.
लोक म्हणतात, बाईला पावती फाडायची केवढी घाई.

आज पावणेदोनला निनाद वसंत मोकल.
शहाऐंशी. घर समोरच.
मग चालत जा, म्हटलं.
किल्ली घेतली. स्कूटर टेम्पोत चढली.
त्यानं आईवरून शिवी दिली, नव्या वर्षातली पहिली.
फॉर्मात तिच्यासाठी रकाना नाही.
सर्व्हिस रोड ओलांडताना तो बुटाची नाडी बांधायला वाकला,
बराच वेळ वाकलेलाच राहिला.
मग वॉचमननं गेट उघडलं.

मागे हॉर्न. ओ भोईर, पुढची गाडी घ्या,
पलीकडून शिरसाट ओरडतायत.
थांबा हो.
मी बिल्डिंगकडं बघत उभी,
मान दुखेपर्यंत वर.
आठवा मजला. की नववा.

लागला दिवा.

हां. फुंका, साहेब.