कानाडोळा

रेफरीचं काम बघणं, असं लोकांना वाटतं.
मला पगार मिळायचा न बघण्याचा.
रात्रीचे पंधरा डॉलर
आणि बुइकच्या मागच्या सीटवर, सुटकेसांच्या मधली जागा.

डोथन, मोबील, पेन्साकोला, परत डोथन.
पुढच्या सीटवर एमरी स्कॅग्ज आणि लाइल प्रुएट.
पोस्टरवर ‘सॉमिल बॉईज’, सख्खे भाऊ.
एमरी खरंच लाकडाच्या गिरणीतला,
करवतीला अर्धी करंगळी देऊन आलेला.
लाइल माँटगोमेरीत बायकांचे बूट विकायचा.
भुसा मात्र दोघांच्या अंगावर एकाच पोत्यातला,
मॅचच्या आधी मीच उधळायचो.

सुरुवातीला शाळेची जिम, साठ माणसं,
त्यातली वीस फुकटी.
मग एका शुक्रवारी एमरीने मार खाल्ला.
तसा मार खायला जन्मच घ्यावा लागतो.
सतरा मिनिटं तो कॅनव्हासवर सरपटत होता
आणि कोपऱ्यात लाइल,
एका मुठीत खांबाला बांधलेली दोरी,
दुसरा हात खांद्यातून निखळेल इतका ताणलेला.
दोरी जेमतेम हातभर. ती सोडायची नाही, हा नियम.
बायका खुर्च्यांवर उभ्या राहिल्या:
दे रे, हात दे त्याला!

टाळी वाजली.
ठरल्याप्रमाणे मी पाठ करून उभा होतो, तरी ओळखली.
साडेचार बोटांची टाळी
जरा बद्द वाजते.

तीन वर्षं दोघांच्या कमरेला पट्टे.
शनिवारी सकाळी टीव्हीवर, ट्रॅक्टरच्या दोन जाहिरातींमध्ये.
एमरीने आईला फ्रीज घेतला.
लाइलने दात बसवून घेतले, सगळे एकदम, पांढरेशुभ्र,
आणि व्हर्जिल टट, आमचा प्रमोटर,
दात बघून घोडा घेतात तसा त्याच्याकडे बघू लागला.
एमरीच्या गुडघ्यात तोवर पाणी साठायला लागलं होतं.
मोटेलच्या खोलीत लाइलच ते सुईने काढायचा,
दात घासायच्या ग्लासात.

मोबील. ऑगस्ट.
पॉपकॉर्नच्या यंत्रामागे टट मला म्हणाला,
आज लाइल हात मागे घेणार. त्याला सांगितलंय.
एमरीच्या कानात तू घाल, नेहमीसारखं, रिंगमध्ये.
मग पॉपकॉर्न चघळत:
किंवा नकोच सांगू. चेहरा खरा येईल.

त्या कानात मी काय काय घातलं होतं!
दोन मिनिटं उरलीत. डावीकडे पड.
तुझ्या बायकोचा फोन होता, पोरगी झाली.
त्या रात्री तीनदा वाकलो त्याच्यावर,
तीनदा विचारलं, बरा आहेस ना?
पुढच्या आठवड्यापासून पंधराचे पंचवीस झाले.
हे एकदाच सांगतोय.

चौदाव्या मिनिटाला एमरी कोपऱ्याकडे निघाला,
कोपरांवर, गुडघा ओढत.
मी पाठ फिरवायला हवी होती.
बघितलं.
लाइलने हात खाली घेतला,
आणि मग, हे कुणी सांगितलं नव्हतं,
दोरीही सोडली.
साडेचार बोटं हवेत तशीच.
टटचं बरोबर होतं. चेहरा खरा आला.

एक, म्हणालो. दोन.
तीनपर्यंत यायला मी फार वेळ घेतला.
त्याने खांदा उचलला नाही.

त्या रात्री एमरी बसने घरी गेला.
लाइल आठ महिने एकटा चालला,
लोक त्याला टॉर्चचे सेल फेकून मारायचे.
मग केबल आली, मोठी कंपनी आली,
टटने रिंग विकली, चर्चवाल्यांना, स्टेज म्हणून.
लाइल पेन्साकोलात टायर विकायला लागला.

एमरीच्या दफनाला तो माझ्या शेजारी बसला.
दात अजून तसेच.
म्हणाला, तू कानात सांगितलं होतंस ना त्याला?
तरी एकोणीस वर्षं बोलला नाही गडी.
कामाचं काम होतं रे ते.
मी मान हलवली.
कशी हलवली, मलाच माहीत नाही.
त्याला ती ‘हो’ वाटली असावी; रुमाल काढून दात पुसावेत तसं तोंड पुसलं त्याने.

पेटी उघडी होती.
हातांवर हात ठेवले होते, अख्खा वर,
करंगळीवाला खाली, कुणीतरी नीट झाकलेला.
लोक रांगेने बघून येत होते.
मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो,
बाहेर कुणाची तरी गाडी मागे घेत होते.