उघाडी

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत
मला बोलावतात ते मासळीसाठी नाही.
पिशवीत दोन स्क्रू-ड्रायव्हर,
कीबोर्डातली मिठाची पापडी काढायला ब्रश,
आणि एक पेनड्राइव्ह, जो मी कुणालाच देत नाही.

त्या दिवशी पडदा लाल होता.
चौदा वर्षांची डिझेलची खाती कुलूपबंद,
किल्लीच्या पैशांना आठ दिवसांची मुदत,
आणि मराठी, यंत्रानं केलेलं असावं, पण नम्र:
"घाबरू नये. आपल्या फायली सुरक्षित आहेत."

यशवंती चोगले खुर्चीच्या कडेवर.
"परतावा मंजूर, यादी सोबत,
असं लिहिलं होतं. दीड वर्ष
वाट बघतोय आम्ही परताव्याची.
कोण नाही उघडणार?"
मी काही बोललो नाही.
आमिष कुठलं लावायचं
हे माशाकडे बघून ठरतं,
हे चोगल्यांच्या घरात मी काय सांगू?

बाकावर धाकू मांडवकर,
नातवाच्या होडीच्या कागदांसाठी आलेला.
आंजर्ल्याच्या खाडीला त्याची साडेतीन गुंठे खारजमीन.
"बांध फुटला काय?"
म्हटलं, तसंच समजा.
"बांध लाट नाय फोडत. चिंबोरी फोडते.
बोटभर बीळ. भरतीचं पाणी
पहिल्यांदा नुसतं आत बघून जातं.
उधाणाला तुम्ही उठता, तर भातात खारं पाणी.
आम्ही बांधावरनं अनवाणी चालायचो.
बीळ डोळ्याला नाय, पायाला कळतं."
मग जरा थांबून:
"उघाडी नाय ह्याला? आतलं बाहेर सोडणारी,
बाहेरचं आत न घेणारी?"

होती.
कोपऱ्यातली पिवळी खूण सात महिने
विचारत होती, फळी बदलू का,
आणि सात महिने कुणीतरी
"नंतर" दाबत होतं.
(माझ्या घरीही आहे तशी खूण. मीही.)
शिवाय एकच पेनड्राइव्ह साऱ्या बोटींवर फिरे,
सिनेमे घेऊन,
आणि पासवर्ड भिंतीवर, पापलेटच्या दराखाली.

आधी नेटची वायर ओढली.
शेजारच्या बर्फ कारखान्यात सांगून आलो,
तुमचंही बंद ठेवा.
मग धीर करून विचारलं: शनिवारची प्रत?

यशवंतीनं बिस्किटांचा डबा काढला.
डब्यात फडकं, फडक्यात काळी डिस्क.
प्रत झाली की वायर काढून ठेव,
मी सांगितलं होतं. का, ते तिला
कधी पटलं नव्हतं.
पण विजांना ती भिते, एकदा टीव्ही जळलाय,
म्हणून काढायची.
तेवढ्यावर वाचलं सगळं,
तीन आठवडे सोडून. मे महिना लग्नांचा,
तिन्ही शनिवार ती माहेरी, बुरोंडीला.

यंत्र पार पुसलं, कोरं केलं.
पिवळी खूण आली, तिला "आत्ता" म्हटलं,
आणि ती आत्ता दोन तास चालली.

ते तीन आठवडे बाकावर बसून भरले.
एकेक तांडेल आठवून सांगे:
अष्टमीला दोनशे,
वारा सुटला त्या दिवशी नव्वद,
दुसऱ्या दिवशी गेलोच नाय.
मी टंकत गेलो.
संध्याकाळी बेरीज लावली,
पंपाच्या आकड्याहून चाळीस लिटर कमी.

यशवंतीनं बाकाकडे बघितलं.
बाक समुद्राकडे बघत होता.