तिसरा बुधवार

बाणेरच्या या मेक्सिकन हॉटेलात
आपल्यातलं कोणी फिरकत नाही,
म्हणून आम्ही येतो.
मी आणि हेमांगी. जावा.
वाटणीचा दावा कोर्टात गेल्यापासून
एकमेकींशी बोलायची बंदी असलेल्या.

पहिल्यांदा ती ‘टॉर्टिला’ म्हणाली
तेव्हा उदगीरचा बालाजी वहीत बघत पुटपुटला,
‘तोर्तिया, काकू. मलाबी इथंच कळलं.’

टाको हातात धरला की फुटतोच.
राजमा मांडीवर, कोबी चष्म्याच्या घरात,
आणि ही हसते ती तश्शी,
सासूबाई देवापुढे बसलेल्या असताना
ओट्यापाशी तोंडात पदर कोंबून हसायची, तशी.

साल्सा चाखून निकाल ठरलेला:
भाजलंय बरं, लसूण कमी.

मग ती खाली बघून सांगते,
यांची शुगर तीनशेवर गेलीय.

मी घरी काही बोलत नाही.
रात्री फक्त विचारते,
तुमच्याकडे शुगर कोणाला होती हो?
पेपर खाली येतो.
ते बघतात माझ्याकडे, बराच वेळ.
पेपर पुन्हा वर.

बिलावरून मात्र आम्ही भांडतो, मोठमोठ्याने.
‘मी थोरली’, ‘मागच्या वेळी तुम्हीच दिलंत’,
बालाजी मशीन धरून उभा.

उरलेला अर्धा बरीटो
कोणीच घरी नेऊ शकत नाही.
कुठला म्हणून सांगणार?
रिक्षा स्टँडवर उभ्या उभ्या,
एक घास तिचा, एक माझा.
चांदीच्या कागदाची बारीक घडी करून
ती माझ्या मुठीत देते.
‘लांब टाका, वहिनी.’