हजेरी

नव्या बाई एकविसाव्या नावाशी अडखळल्या.
चष्मा वर केला, खाली केला.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
वाचा ना बाई, "मेले"!
आणि सगळी सहावी ब
हसून हसून मेली.

मी उभी राहिले. सवय आहे.
मेले लिसिआते वाइपुलू,
पोर्टाच्या क्वार्टर्स, दुसरा मजला, वडाळा.
बाई, मी मेलेली नाही.
मी मेले आहे.

हे नाव आत्याने ठेवलं.
तुमच्याकडेही आत्याच ठेवते ना?
फक्त माझी आत्या टोंगात होती,
तेरा हजार किलोमीटर पाण्यापलीकडे,
म्हणून बारशाला फोन माझ्या कानाला लावला.
आईने तिला शिकवून ठेवलं होतं,
आधी कुर्र म्हणायचं, मग नाव.
पण त्यांच्या भाषेत र-च नाही.
ती म्हणाली, कुल्ल.
बायका पदर तोंडाला लावून हसल्या.
पप्पा एकटे मान खाली घालून उभे.
तिकडे बापापेक्षा
बापाची बहीण मोठी.

माझ्या आईचं नाव सुरेखा.
तिकडे ती सुलेखा.
आईला तेच जास्त आवडतं,
सही मात्र जुनीच करते.

आमची रात्रीची भांडी घासून होतात
तेव्हा आत्याच्या अंगणात उद्याची पहाट असते.
मी फोनवर विचारते, उद्या कसा आहे?
ती म्हणते, बरा आहे,
ये तू.

खालच्या मजल्यावरचे मठकर आजोबा गेले
(माझ्यासमोर सगळे गेलेच म्हणतात)
तेव्हा पप्पांनी ट्रंकेतून चटई काढली.
केवड्याच्या जातीच्या पानांची,
त्यांच्या पणजीने विणलेली,
कडा झिजून झिजून नुसत्या झिरमिळ्या.
काळ्या लुंगीवर कमरेला गुंडाळली,
काथ्याच्या दोरीने बांधली
आणि जिना उतरले.
पायरीपायरीला ती चटई
खरखर, खरखर.
गर्दीतून कुणी पुटपुटलं,
घरात नवी नव्हती का एखादी?

मी आईच्या पाठीमागे लपले.
हे सांगायला नको होतं, पण लपले.

रात्री पप्पांनी चटई वाऱ्यावर टाकली
आणि मला जवळ बसवून
आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले,
नवा कोणी पण बांधतो.
मोठा माणूस गेला तर फाटका.
जेवढा फाटका, तेवढा मान.
मी बोट फिरवलं.
एका ठिकाणी वीण वेगळी होती,
पणजीनंतर कुणीतरी सांधलेली,
तिच्यानंतर अजून कुणीतरी.
चार हात मोजले मी.
पाचवी जागा अजून उसवलेली आहे.

तेराव्यानंतर मठकरांचा दिलीप वर आला.
हातात त्याच्या बाबांचा गोदीतला खाकी शर्ट,
कॉलर विरलेली, खिशावर ग्रीसचा डाग.
म्हणाला, आई टाकून दे म्हणते.
तुम्ही काय कराल?
पप्पांनी शर्ट दोन्ही हातांनी घेतला,
बघितला, घडी घातली, परत दिला.
बोलले काहीच नाहीत.
दिलीप तो छातीशी धरून खाली गेला.

तर बाई विचारत होत्या,
कुठे आहे गं हा तुझा देश?
आमच्या वर्गातला नकाशा
उजव्या टोकाला फाटलाय,
तिथेच खिळा ठोकलाय शिपाईकाकांनी.
मी म्हटलं, खिळ्याखाली.
अगं बाई, एवढासा?
नाही बाई, म्हटलं,
खिळा मोठा आहे.

यावेळी कुणी हसलं नाही.
बाईंनी माझ्यापुढे खूण केली
आणि बाविसावं नाव घेतलं,
योगिता पाटणकर.
हजर, ती म्हणाली, आणि बसली.
तिला कुणी काहीच विचारलं नाही.
मला तिची
थोडी दया आली.